मदत हवी आहे: समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत (ग्वानो) घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात आमचा सेंद्रिय भाजीपाल्याचा छोटा गट आहे. माती जांभ्याची, आम्लधर्मी. स्फुरद (फॉस्फरस) घातलं तरी मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून ठेवतं, पिकाच्या वाट्याला फार थोडं येतं. एका विक्रेत्याने पेरू देशातलं ग्वानो सुचवलंय. नत्र १० ते १४ टक्के, स्फुरद जवळपास तेवढंच, वर पूर्ण सेंद्रिय. गटातले निम्मे जण मागवायला तयार आहेत. मी अडून बसले आहे, कारण गोणी भरताना पिल्लांचं काय होतं याचं उत्तर त्या विक्रेत्याकडे नाही.

वाचलं त्यात दोन्ही बाजू दिसतात. एकोणिसाव्या शतकात पेरूच्या ‘चिंचा’ नावाच्या बेटांवरून हे खत जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेला गेलं. पक्षी बसलेत की नाहीत हे कोणी बघितलंच नाही. १९०९ मध्ये पेरू सरकारने कंपनी काढून खोदाई आपल्या ताब्यात घेतली. बेटांवर राखणदार ठेवले, किनाऱ्यावरच्या टोकांना (भूशिरांना) भिंती घातल्या, आणि एकदा खोदलेलं बेट काही वर्षं पक्ष्यांसाठी सोडायची पद्धत पाडली. २००९ मध्ये २२ बेटं आणि ११ टोकं मिळून राखीव क्षेत्रही झालं. काम अजून कुदळ-फावड्यानेच चालतं.

तरी मन मानत नाही. तिथला ग्वानाय पाणकावळा उघड्या जमिनीवर वस्ती करतो आणि त्याचं घरटं म्हणजे विष्ठेचीच वाटी, मधे खळगा आणि भोवती कडा. हम्बोल्ट पेंग्विन आणि डायव्हिंग पेट्रेल हा छोटा समुद्रपक्षी याच विष्ठेच्या थरात बिळं करून आत पिल्लं वाढवतात. थर गेला की बीळ गेलं. मग पेंग्विनला उघड्यावर अंडी घालावी लागतात आणि पिल्लू तिथल्या उन्हात भाजतं. राखणदार ठेवून हे भरून निघतं का?

सेंद्रिय प्रमाणपत्राला चालतं की नाही हा प्रश्न वेगळा, तो आम्ही बघू. मला जाणकारांकडून दोन गोष्टी हव्या आहेत: विक्रेत्याला नेमकं काय विचारायचं, आणि आमच्या मातीत स्फुरदासाठी जवळचं काय चालेल. जी शेती आम्ही जमिनीसाठी करतो तिची किंमत हजारो कोसांवरच्या पिल्लाने मोजावी, हे मला पटत नाही.

– जांभ्याची माती

सागरवेडी:
ताई, शंका रास्त आहे. विक्रेत्याला बेटाचं नाव आणि खोदाईचे महिने विचारा. तिथे वीण मुख्यतः तिथल्या वसंत-उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या दिवाळीपासून मार्चपर्यंत. त्या काळात वस्तीत माणूस शिरला की मोठे पक्षी एकदम उठतात आणि गल पक्षी दोन मिनिटांत अंडी-पिल्लं उचलून नेतात. ही दोन उत्तरं मिळाली नाहीत तर घेऊ नका. शिवाय तिथलं बहुतेक ग्वानो तिथल्याच छोट्या शेतकऱ्यांसाठी असतं. त्यांच्या बटाट्याला ते लागतं.

पण पिल्लांचा मोठा वैरी कुदळ नाही, उपासमार आहे. हे सगळे पक्षी अँकोव्हेटा या लहान मासळीवर जगतात. एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, मासळी खोल जाते, आणि आईबाप घरटी सोडून निघून जातात. पिल्लं जागच्या जागी मरतात. पूर्वी अशा वर्षानंतर वस्ती सावरायची. पण १९७० साली सव्वा कोटी टनांच्या आसपास अँकोव्हेटा पकडला गेला, पाठोपाठ १९७२ चा एल निन्यो आला, आणि मासळीच कोसळली. पन्नासच्या दशकात दोन कोटींच्या वर असलेले पक्षी त्या संख्येला परत कधीच पोचले नाहीत. २०२२ च्या अखेरीस बर्ड फ्लूने त्यांतले लाखो मेले. पकडलेल्या अँकोव्हेटाचं बहुतेक फिशमील होतं, म्हणजे कोंबडी-कोळंबीचं खाद्य. तुमच्या गटात कोणी विकतचं खाद्य घालून कोंबड्या पाळत असेल, तर त्या पोत्यात कुठलं फिशमील आहे तेही विचारा.

पाटाचं पाणी:
मातीचं मी सांगतो. आम्लधर्मी जमीन असेल तर रॉक फॉस्फेट तुमच्याकडे चांगलं विरघळतं, देशावरच्या काळ्या मातीत तेच पडून राहतं. नुसतं फेकू नका. शेणखताच्या थरांत घालून, स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून, ओल टिकवून दोन-तीन महिने कुजवा. बांधावर गिरिपुष्प असेलच, त्याचा पाला घाला. नत्रासाठी ताग किंवा धैंचा फुलावर यायच्या आत गाडा. चुलीची राख थोडी. बंदर जवळ असेल तर मासळीचं खत उत्तम.

सागरवेडी:
मासळीच्या खतात एक बघा. बाजारातली डोकी-आतडी घ्या. ट्रॉलरच्या जाळ्यात आलेली बारकी पिल्लं खतासाठी घेतली, तर आपल्या किनाऱ्यावरच्या सुरय पक्ष्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखंच आहे.

जांभ्याची माती:
दोघांचे मनापासून आभार. विक्रेत्याला बेट आणि महिना विचारला, "कंपनीकडून आलेला माल आहे" एवढंच म्हणाला. ऑर्डर रद्द करायला गट तयार झाला. कोंबडीखाद्याचं मात्र कोणाच्या डोक्यातच नव्हतं, ते आता सगळ्या पोत्यांवर वाचतोय. पाटाचं पाणी, एक शेवटचं: पावसाळ्यात आमच्याकडे ढीग भिजून चोथा होतो. रॉक फॉस्फेटचा ढीग आत्ताच लावू की पाऊस संपल्यावर?

पाटाचं पाणी:
पाऊस संपल्यावर लावा, रब्बीच्या भाजीला तयार होईल. आत्ता लावायचाच असेल तर गोठ्याच्या पडवीत, आणि खाली पेंढ्याचा जाड थर द्या. रस वाहून वहाळात जाऊ देऊ नका.