ओव्हनमधलं चीज-मिरची ऑम्लेट : तुम्ही कसं करता?

घरात खाणारी माणसं जास्त असली की तव्यावरचं ऑम्लेट एकेकाला मिळतं आणि करणारी शेवटी बसते. ओव्हनमध्ये केलं की सगळी एका वेळी जेवायला बसतात, म्हणून मला ही पद्धत फार आवडते. सहा अंडी, अर्धा कप दूध, वाटीभर किसलेलं चीज, चार-पाच हिरव्या मिरच्या, मीठ. काचेच्या भांड्याला लोणी लावायचं, ओव्हन आधी १८० अंशांवर तापवायचा, मग साधारण २५ मिनिटं. खान्देशातल्या मंडळींनो, मिरचीचं काय करता, ओव्हन नसेल तर काय करता, सविस्तर लिहा. (जळगाव)

यावल : मिरची कच्ची घालू नका, एवढं माझं ऐकाच. आमच्याकडे हिवाळ्यात भरताची वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वाळक्या काड्यांवर भाजतात, त्याच आरावर मिरच्याही टाकते. साल काळी पडली की बडगीत (लाकडी उखळात) लसूण-मिठासोबत जाडसर ठेचायच्या आणि फेटलेल्या अंड्यात घालायच्या. भाजलेल्या मिरचीचं पाणी आटलेलं असतं, त्यामुळे ऑम्लेट ओलसर राहत नाही. धुराचा वास चीजमध्ये असा उतरतो की सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असली की दुसरं काही लागत नाही. गॅसवर भाजल्या तरी चालतं, पण तेलात परतू नका.

नंदुरबार : आम्ही लाल मिरचीवाले! हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, तेव्हा ओली लाल मिरची घरात असतेच. तिचा ठेचा चमचाभर घाला, रंगही सुरेख येतो.

भुसावळ : ओव्हनची हवा १८० अंश असली तरी अंडं त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला घट्ट होतं. म्हणून कडा फुगल्या, पण मधला भाग भांडं हलवल्यावर थोडा थरथरतोय, तेव्हाच बाहेर काढावं. पाच मिनिटांत आतल्या उष्णतेनं तो बसतो. जास्त वेळ ठेवलं तर अंडं आकसून पाणी सोडतं. चीज मी प्रोसेस्ड घेतो; त्यातल्या क्षारांमुळे ते वितळताना तेल वेगळं होत नाही. चीज खारट असतं, तेव्हा मीठ बेतानं.

धुळे : सासूबाईंच्या तव्यावर अंडं चालत नाही, म्हणून माझं भांडं वेगळं आणि मायक्रोवेव्हही माझाच. कन्व्हेक्शनवर, खालच्या जाळीवर ठेवते. नुसत्या मायक्रोवर करू नका, रबरासारखं होतं. आता श्रावण संपला की नणंदेची मुलं यासाठीच येतात, आणि त्यांना खाताना बघणं मला फार आवडतं.

चोपडा : ओव्हन नाही. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवते. मग भांडं आत, मंद आचेवर अर्धा तास. वरून लाली येत नाही, पण छान फुगतं.

जळगाव : यावलच्या ताई, बडगीत लसूण किती घेता?

यावल : सहा अंड्यांना चार पाकळ्या. त्याहून जास्त नको, चीजची चव दबते.