मदत हवी आहे: १८७२ ची स्कॉटलंड-इंग्लंड मॅच शाळेच्या मैदानावर खेळवायची आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एका शाळेत खेळ शिकवतो. यंदाच्या क्रीडादिनाला लेझीम आणि मनोरे नेहमीसारखे आहेतच, पण आठवी-नववीच्या फुटबॉलवाल्या पोरांसाठी वेगळं काहीतरी करायचं डोक्यात आहे. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोजवळ पार्टिकला स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जी मॅच झाली, जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच म्हणतात ती, ती त्या काळच्या नियमांनी आणि जमेल तितक्या त्या काळच्या वेषात खेळवायची.

वरवरची माहिती आहे. हॅमिल्टन क्रेसेंट हे मैदान क्रिकेट क्लबाचं होतं, मॅच ०-० सुटली, स्कॉटलंडचा सगळा संघ क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचा होता. अडतंय ते पुढे.

मुख्याध्यापिका बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला की दोन्हीकडे राणी एकच, मग ‘आंतरराष्ट्रीय’ कसली? मला धड उत्तर देता आलं नाही. दुसरं, ०-० ची मॅच पालकांना चाळीस मिनिटं बघायला लावली तर ते उठून जातील, मग गोल झालेली दुसरी एखादी जुनी मॅच घ्यावी का? आणि मुख्य म्हणजे नियम. क्रॉसबार नव्हता, जाळी नव्हती इतकं ऐकून आहे. थ्रो, ऑफसाइड, गोलकीपर, रेफरी यांचं काय होतं? कपड्यांचं बजेट जवळपास शून्य आहे, तेही लक्षात घ्या.

— खेळमास्तर

ग्लासगोकर:

मास्तर, झकास कल्पना. मी इथेच राहतो. हॅमिल्टन क्रेसेंटवर आजही क्रिकेट चालतं, वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबाचंच मैदान आहे ते.

बाईंना असं सांगा. १६०३ ला दोन्ही राज्यांचा राजा एक झाला, १७०७ ला संसद एक झाली. पण कायदा वेगळा, चर्च वेगळं, शाळा वेगळ्या, त्यामुळे ‘आपण’ आणि ‘ते’ हे काही मिटलं नाही. फुटबॉलच्या बाबतीत गंमत अशी की १८७२ ला स्कॉटलंडची स्वतःची संघटनाच नव्हती. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन १८६३ ची. क्वीन्स पार्क हा १८६७ ला निघालेला क्लब तिचाच सभासद होता, आणि स्कॉटलंडच्या वतीने सगळी उठाठेव त्याच क्लबाने केली. संघ निवडला तो त्यांचा कप्तान आणि गोलकीपर रॉबर्ट गार्डनर याने. रेफरी विल्यम की हेही क्वीन्स पार्कचेच. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन जन्मली १३ मार्च १८७३ ला, म्हणजे या मॅचनंतर साडेतीन महिन्यांनी. आधी मॅच, मग संघटना!

निमंत्रणपत्रिकेत ‘मैत्रीपूर्ण सामना’ खुशाल छापा. कप नव्हता, गुण नव्हते. ब्रिटनमधल्या चार संघांची स्पर्धा सुरू झाली १८८३-८४ च्या मोसमात. तोवर या दोघांच्या सगळ्या मॅच मैत्रीपूर्णच.

जुनंपुराणं:

‘पहिली’ म्हणताना थोडं जपून. त्याआधी लंडनला केनिंग्टन ओव्हलवर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड अशा पाच मॅच झालेल्या आहेत. पहिली ५ मार्च १८७० ला, १-१. भरवणारे चार्ल्स अल्कॉक, जे त्याच वर्षी असोसिएशनचे सचिव झाले. पण त्यात ‘स्कॉटिश’ म्हणून उतरलेले बहुतेक लंडनचेच रहिवासी. कुणाची आजी स्कॉटिश, कुणाची तिकडे जमीन. तेव्हाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा मुलगा, स्वतः खासदार, तोही स्कॉटलंडकडून खेळला होता. उत्तरेत लोक म्हणाले, हा कसला स्कॉटलंड? म्हणून त्या पाच मॅच आज अधिकृत धरत नाहीत.

त्यातूनच स्कॉटलंडच्या रग्बीवाल्यांनी आव्हान दिलं आणि २७ मार्च १८७१ ला एडिंबराला रग्बीची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली. ती स्कॉटलंडने मारली. आता फुटबॉलमध्येही खरा सामना तिकडे जाऊनच खेळणं भाग होतं. अल्कॉकना स्वतः खेळायचं होतं, पण दुखापतीमुळे हातात झेंडा घेऊन अंपायर म्हणून उभं राहावं लागलं. मुलांपैकी ज्याचा पाय मुरगळलेला असेल त्याला अल्कॉक करा, तोही खूश.

तालमीचा गडी:

मास्तर, ०-० चं टेन्शन घेऊ नका. आपल्या पेठांच्या मॅच ०-० सुटतात तेव्हा कोण उठून जातंय का शाहू स्टेडियमवरनं? उलट तेव्हाच आवाज लई. निकाल मात्र आधी ठरवू नका. नाटक बसवल्यासारखं ‘तू मार, तू चुकव’ केलंत तर पोरं अर्ध्यात कंटाळणार. नियम १८७२ चे द्या आणि सोडा मैदानात.

खेळमास्तर:

गडीभाऊ, पटलं. आधी वाटलं होतं की त्या मॅचची हुबेहूब नक्कल करावी, पण नव्वद मिनिटांत नेमकं कोण कुठे पळालं हे कुणाला माहीत? तरी गोल झालेल्या मॅचबद्दल कुणी काही सांगेल का? पर्याय म्हणून हाताशी असलेला बरा.

जुनंपुराणं:

मग परतफेडीची मॅच आहे. ८ मार्च १८७३, ओव्हल, इंग्लंड ४, स्कॉटलंड २. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला गोल तिथे झाला, विल्यम केनियन-स्लेनी याचा. आता ऐका. हा गडी जन्मला राजकोटला, १८४७ ला. तेव्हाचं काठेवाड म्हणजे मुंबई इलाख्याच्या कारभाराखालचा मुलूख. आणि त्याच मॅचमध्ये स्कॉटलंडचा पहिला अधिकृत गोल केला हेन्री रेनी-टेल्यूर याने, त्याचा जन्म मसुरीचा! दोन्ही देशांचे पहिले गोल हिंदुस्थानात जन्मलेल्यांच्या नावावर. दोघंही लष्करात होते. सूत्रसंचालनात हे एक वाक्य टाका, पालक कान टवकारतील.

पण त्या मॅचसाठी स्कॉटलंडकडे सगळा संघ लंडनला न्यायला पैसे नव्हते, म्हणून काही जण पुन्हा तिकडचेच घ्यावे लागले. त्यामुळे ‘एक क्लब विरुद्ध अख्खा इंग्लंड’ ही जी मजा आहे ती १८७२ च्या मॅचमध्येच. माझं मत तिलाच.

ग्लासगोकर:

माझंही. क्वीन्स पार्कची गरिबी हा या गोष्टीचा कणाच आहे. १८७२ च्या मार्चमध्ये एफए कपाच्या (म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीत त्यांनी लंडनला जाऊन तिथल्या वाँडरर्स क्लबाला ०-० रोखलं. पुन्हा खेळायला लंडनला थांबायचं तर पैसे नाहीत, म्हणून स्पर्धा सोडून परत आले. वाँडरर्सनी पुढे कप जिंकला, कप्तान तेच अल्कॉक. नोव्हेंबरच्या मॅचला सुमारे ४,००० लोक आले, तिकीट एक शिलिंग, आणि खर्च वजा जाता चार पैसे उरले तेव्हा क्लबाचा जीव भांड्यात पडला.

आता नियम. एकेक सांगतो.

गोलाचे खांब आठ यार्ड अंतरावर, वर आठ फुटांवर बांधलेली पट्टी. दांडा नव्हे, पट्टी. तिच्या खालून गेला तर गोल. त्या मॅचमध्ये रॉबर्ट लेकीने मारलेला फटका आत गेला असं स्कॉटलंडवाल्यांना वाटलं, लोकही ओरडले, पण चेंडू पट्टीवरून गेला होता. हा प्रसंग घडला तर घडू द्या, वाद होऊ द्या.

थ्रोचा नियम सगळ्यात मजेशीर. चेंडू बाहेर गेला की जो पहिल्यांदा त्याला हात लावेल, त्याचा थ्रो. कुणी बाहेर मारला याला काही किंमत नाही. आणि टाकायचा तो रेषेला काटकोनात, सरळ आत.

ऑफसाइडला आज जसे दोन धरतात तसे तेव्हा पास घेणाऱ्याच्या आणि गोलाच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. गोलकीपरने हाताने अडवावं, फेकावं, पण चेंडू घेऊन पळू नये. पेनल्टी नाही, ती १८९१ ला आली. बदली खेळाडू नाही, कार्ड नाही. गोल झाला की बाजू बदलायची, मध्यंतरापर्यंत एकही झाला नाही तर मध्यंतराला बदलायची. बुटाला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पत्रा चालत नाही, हा नियम तेव्हाही होता.

दोन्ही बाजूंचा एकेक अंपायर. खेळाडूंनी क्रिकेटसारखं अपील करायचं, अंपायरांचं एकमत झालं नाही तर रेफरीकडे. तो बाहेरच उभा.

पोरांची आई:

नियम वाचून मजा आली, पण खांद्याने धक्का मारणं तेव्हा सर्रास चालायचं ना? आणि शिनगार्ड (नडगीवरची ढाल) हेही नव्हते. मास्तर, एवढं एक आजच्या काळातलं ठेवा.

खेळमास्तर:

ताई, शिनगार्ड घालणारच, मोज्यांच्या आत दिसतही नाहीत. (शिनगार्ड आले १८७४ ला, नॉटिंगहॅमच्या सॅम विडोसनचे. म्हणजे दोन वर्षांची सवलत घेतोय.) धक्काबुक्की पूर्ण बंद. इतिहास गेला खड्ड्यात, एखाद्याचा हात मोडला तर मला नोकरीवरून घरी पाठवतील.

पट्टीचा प्रश्न मात्र उरतो. काल बांबूंना सुतळी बांधून बघितली. मधोमध वीतभर झोळ पडला आणि चेंडू लागला की सुतळी वर उडते, मग खालून गेला की वरून हे देवालाच ठाऊक.

तालमीचा गडी:

सुतळी कशाला? खाटेची नवार घ्या, पांढरी, दोन बोटं रुंद. गादीवाल्याकडे मिळते. भिजवून ताणून बांधा, वाळली की चांगली ताठ बसते. आणि बांबूंना मागून तणावे द्या मंडपवाल्यासारखे, नाहीतर नवार ताणली की बांबूच आत झुकतात. पट्टी लांबून दिसते पण, म्हणजे प्रेक्षकांतनं पण वाद घालता येतोय.

खेळमास्तर:

नवार! हे डोक्यातच आलं नाही. आजच आणतो. कपड्यांचं कुणी बोला.

जुनंपुराणं:

स्वस्तात होण्यासारखं आहे. इंग्लंड पांढऱ्या शर्टात, छातीवर तीन सिंह. स्कॉटलंड गडद निळ्यात, तोच क्वीन्स पार्कचा तेव्हाचा रंग. छातीवर एक सिंह. शाळेचा पांढरा गणवेश एका संघाला, निळे टी-शर्ट दुसऱ्याला, सिंह कार्डबोर्डचे. खालच्या चड्ड्या गुडघ्याखालपर्यंत, पँट मोज्यात खोचली की झालं.

डोक्यावर मात्र काहीतरी हवंच. इंग्लंडवाल्यांच्या डोक्यावर टोप्या, स्कॉटलंडवाल्यांच्या डोक्यावर लाल लोकरीच्या टोकेरी टोप्या. घरोघरी पडलेल्या लाल कानटोप्या मागवा. हेडिंगचा तेव्हा फारसा रिवाज नव्हता, त्यामुळे टोपी पडायची भीती कमी.

फोटो शोधत बसू नका, त्या मॅचचा फोटो नाही. फोटोग्राफर आला होता, पण खेळाडू प्रती विकत घेतील याची खात्री मिळेना म्हणून तो निघून गेला असं सांगतात. विल्यम राल्स्टन या चित्रकाराची रेखाटनं आहेत, ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात आलेली. वेषासाठी तीच बघा.

पेठेतला कोच:

एक गोष्ट राहून गेली, आणि माझ्या मते तीच मुलांना शिकवण्यासारखी आहे. इंग्लंड जवळजवळ १-१-८ असं उतरलं होतं (मागे एक, मध्ये एक, पुढे आठ), स्कॉटलंड २-२-६. इंग्लंडची पद्धत म्हणजे एकाने चेंडू घेऊन ड्रिबल करत सुटायचं, बाकीच्यांनी मागे पळायचं, त्याच्याकडून सुटला की पुढच्याने घ्यायचा. इंग्लंडचा कप्तान, ऑक्सफर्डचा कथबर्ट ऑटवे आणि मंडळी अंगापिंडाने दांडगी. क्वीन्स पार्कची पोरं त्यांच्यापुढे हलकी, पण रोज एकत्र खेळणारी, एकमेकांचा खेळ माहीत असलेली. अंगावर जाऊन निभाव लागणार नाही म्हणून जोडीजोडीने, चेंडू देत-घेत पुढे सरकायची. त्यात तीन दिवस पाऊस पडून मैदान चिखल झालेलं, एकट्याने चेंडू ढकलत नेणं आणखी अवघड. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्कॉटलंडने इंग्लंडला जे वारंवार हरवलं ते याच पासिंगच्या जोरावर.

तर मास्तर, इंग्लंडच्या संघात उंच, धिप्पाड पोरं टाका आणि त्यांना पास द्यायला बंदी करा. स्कॉटलंडमध्ये बारकी पण रोज एकत्र खेळणारी घ्या. सांगू नका काही. बघा काय होतं.

(आमची पाचवीची पोरं १-१-८ च खेळतात, न सांगता. चेंडू जिथे तिथे सगळी जत्रा.)

खेळमास्तर:

कोच, हे करतोच. नववी अ ला इंग्लंड, कारण तिथली चार पोरं माझ्यापेक्षा उंच आहेत. आठवी क ची एक टोळी रोज मधल्या सुट्टीत एकत्रच खेळते, ती क्वीन्स पार्क. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. गोलकीपरने वाटलं तर मध्येच जागा बदलायची, कारण त्या मॅचमध्ये इंग्लंडच्या बार्कर आणि मेनार्डनी ती अदलाबदल केली होती असं वाचलंय.

ग्लासगोकर:

बरोबर, बार्कर सुरुवातीला गोलात होता, नंतर पुढे खेळायला गेला आणि मेनार्ड गोलात आला. गार्डनरनेही तेच केलं, थोडा वेळ रॉबर्ट स्मिथ गोलात उभा होता.

आणि मास्तर, थ्रोच्या नियमाची आधी एकदा तालीम घ्या. जो आधी हात लावेल त्याचा थ्रो म्हटल्यावर पोरं चेंडूमागे प्रेक्षकांत घुसणार. रेषेपासून खुर्च्या लांब ठेवा.

खेळमास्तर:

हे बरं सांगितलंत. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसणार आहेत. त्यांचा सोफा स्टेजवर हलवतो.

नवार आणली आहे, उद्या भिजवून बांधतो. लाल कानटोप्या आत्तापर्यंत सात जमल्या, चार अजून हव्यात. कोल्हापुरात कुणाकडे असतील तर व्यक्तिगत निरोप करा, धुऊन परत देईन.