इगतपुरी रेल्वेमुळेच वाढलं का? आणि ती गरम पाण्याची कुंडं नक्की कुठली?

नाशिकरोडकर:
मंडळी, मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, 'रेल्वेमुळे वाढलेलं गाव', आम्ही इगतपुरी घेतलंय. सासूबाई म्हणतात पूर्वी लोक तिकडे कुठेतरी गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला जायचे, सांधेदुखीला बरं म्हणून. मी तरी इगतपुरीत असं कुंड कधी बघितलं नाही. आणि जवळपास सगळ्या गाड्या तिथे थांबतात त्या का? प्लीज सांगा.

घाटवाला:
ताई, विषय एकदम भारी निवडलात. इगतपुरीचं सगळं काही थळ घाटामुळे, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली, कसाऱ्यापर्यंत रूळ १८६१ ला आले आणि वर इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं, पंधरा-सोळा किलोमीटरसाठी चार वर्षं! कारण चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर, शिवाय बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, शेवटच्या डब्यात बसलात तर तो धक्का बरोबर जाणवतो, ती गाडी ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. मुंबईकडे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय तिला पुढे सोडत नाहीत. आता एवढी कामं एका जागी म्हटल्यावर शेड, क्वार्टर्स, बाजार सगळं आलंच.

मनमाडचा पोरगा:
यात विजेचं पण टाका. घाटात १९३० च्या सुमारास १५०० व्होल्ट डीसी आली, नंतर भुसावळकडून २५,००० व्होल्ट एसी आली आणि दोन्हींची गाठ इगतपुरीला, त्यामुळे कित्येक वर्षं तिथे इंजिनच बदलायचे. जुनं डीसी इंजिन, ज्याला रेल्वेवाले खेकडा म्हणायचे, त्याचा फोटो लावाच.

सिन्नरकर:
कुंडं इगतपुरीत नाहीत हो, सासूबाई बहुतेक वज्रेश्वरी-अकलोली म्हणत असतील, ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी, गणेशपुरी पण तिथेच. वज्रेश्वरीचं देऊळ वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला बांधलं, १७३९ चा विजय तो. ज्वालामुखीबिलामुखी काही नाही, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, येताना खडकातले क्षार घेऊन येतं. असे झरे खाली कोकणात राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत आहेत.

नाशिकरोडकर:
खूप आभार सगळ्यांचे! सासूबाईंना विचारलं, अकलोलीच म्हणाल्या. कुंडांचं वेगळं पान करतोय.