उघडा, नागडा, नग्न की विवस्त्र?

एका जुन्या अमेरिकन छायाचित्राखाली मराठी ओळ लिहायची आहे. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचा बंदिस्त तलाव, काठावर दहा-बारा बाप्ये रांगेत उभे, दोघांना तर टक्कल पडलंय. अंगावर कुणाच्याच काही नाही आणि चेहऱ्यावर त्याचं काही वाटल्याचंही दिसत नाही. मूळ ओळ एवढीच : 'पोहण्याचा वर्ग'. मी 'नग्न पुरुषांचा पोहण्याचा वर्ग' असं लिहिलं, पण वाचताना कसंतरीच वाटतंय. कुठला शब्द घ्यावा?

*

'नग्न' लिहिलंत की ते चित्र कलादालनात जाऊन बसतं. 'नागडे' म्हटलंत की चेष्टा किंवा शिवी. 'विवस्त्र' तर बातमीतला शब्द, वाचणारा पुढे पंचनामाच शोधणार. 'उघडे' सगळ्यांत साधा, पण आपल्याकडे उघडा म्हणजे कमरेच्या वर. "उघडा बसू नकोस, सर्दी होईल" असं म्हणणाऱ्या आईला मुलाच्या अंगात फक्त बनियन नाही एवढंच म्हणायचं असतं.

'नागवणे' हेही याच घराण्यातलं. सावकाराने नागवलं म्हणजे अंगावरचं नव्हे, घरातलं गेलं.

*

तो काळ समजून घ्या, मग शब्द निवडा. पुरुषांच्या तलावात काही न घालता पोहावं, ही तिथली अधिकृत शिफारस होती. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनच्या १९२६च्या सूचनांमध्ये ती आहे. कारणं अगदी रूक्ष : लोकरी पोहण्याच्या कपड्यांचे धागे सुटून गाळणी तुंबायच्या, शिवाय कपड्यांबरोबर घाण पाण्यात यायची. पुढे कापड बदललं, क्लोरीन रुळलं, तलाव स्त्री-पुरुषांना एकत्र खुले होत गेले आणि ती रीत मागे पडली. त्या लोकांच्या लेखी हा नियम होता, आज तलावाकाठी पाटी असते तसा. 'नग्न' शब्दात ही आरोग्यखात्याची कोरडी नजर येत नाही.

*

आमच्या तालमीत नुसत्या लंगोटावर पैलवान माती अंगाला लावून उभा राहतो. कोल्हापुरात त्याला नागडा म्हणून दाखवा! लंगोट कसला की माणूस झाकला गेला. आणि लंगोट वेगळा, लंगोटी वेगळी. लंगोटीत गरिबी आहे, बालपण आहे (लंगोटीयार), पण लंगोटात रग आहे. 'लंगोटाचा सच्चा' म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा. कापड वीतभर, पण अब्रू सगळी त्याच्यात.

*

गंमत म्हणजे 'जिम' या शब्दाच्या पोटातच हे सगळं आहे. ग्रीक 'गिम्नोस' म्हणजे नग्न, त्यावरून 'गिम्नासिऑन', उघड्या अंगाने व्यायाम करण्याची जागा. आपला 'नग्न' आणि हा 'गिम्नोस' एकाच मुळातून आले असं भाषातज्ज्ञ मानतात. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांना भारतात भेटलेल्या साधूंना त्यांनी नाव दिलं 'गिम्नोसोफिस्ट', म्हणजे नग्न तत्त्वज्ञ. आपण 'दिगंबर' म्हणालो, दिशाच ज्याचं वस्त्र. आणि हे नाव पोराला बिनदिक्कत ठेवतो, हाक मारतो 'दिगू' म्हणून.

*

एक भर घालतो. लॉकर रूमला, म्हणजे खेळाडू कपडे बदलतात त्या खोलीला, आपल्याकडे शब्दच नाही. क्रिकेटमुळे 'ड्रेसिंग रूम' आली, पण आपल्याला तिची दिसते ती गॅलरी, पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज. अमेरिकेत मात्र त्या खोलीचा दरवाजा न्यायालयात गेला आणि १९७८मध्ये निकाल लागला. स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड या क्रीडा साप्ताहिकाच्या बातमीदार मेलिसा लुड्‌टके यांना त्या बाई आहेत म्हणून बेसबॉल खेळाडूंच्या खोलीत सोडत नव्हते, पुरुष बातमीदार मात्र आत जाऊन मुलाखती घ्यायचे. न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी तो लुड्‌टके यांच्या बाजूने दिला. खेळाडूंच्या खाजगीपणाचं काय, या सवालावर त्यांच्याकडे साधी सोय होती : पडदा लावा, टॉवेल गुंडाळा.

*

मूळ ओळीत नाही ते आपण कशाला सांगायचं? 'पोहण्याचा वर्ग' लिहा आणि सोडा.

*

नुसतं तेवढं लिहिलं तर आजचा वाचक ओळ वाचणारच नाही, चित्रात दुसरंच बघत बसेल. शेवटी असं केलंय : 'पोहण्याचा वर्ग. पोहण्याचे कपडे तेव्हा अशा तलावात घालत नसत.' 'नग्न' काढून टाकला.