जुनी मोटरहोम घेतली आहे, पहिल्या कौटुंबिक सहलीआधी सुरुवात कुठून करू?

खिडकीतली:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात होतं ते झालं, आम्ही वापरलेली मोटरहोम घेतली. डिझेल व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. मागे आडवा पलंग, मधे ओटा आणि टेबल, ड्रायव्हरच्या डोक्यावर मुलांना झोपायला माळा. आधीच्या मालकांनी ती गेली काही वर्षं फारशी हलवलीच नव्हती. किलोमीटर कमी म्हणून तेव्हा बरं वाटलं. आता शंका येतेय की नुसतं उभं राहूनच तिचं जास्त नुकसान झालं असेल.

शाळेच्या सुट्ट्यांना दीड-दोन महिने आहेत. जाणार आम्ही दोघं, दोन मुलं (मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच) आणि सासूबाई. आतापर्यंत दिसलेलं सांगते. मागच्या पलंगापाशी कुबट वास येतो आणि एका कोपऱ्यात भिंतीवरचा कागद फुगलाय. टायरची नक्षी जवळजवळ नवी आहे. फ्रिज घरच्या विजेवर गार होतो, गॅसवर होत नाही. सगळे नळ बंद असतानाही पाण्याचा पंप मधूनच क्षणभर चालतो आणि थांबतो.

नवऱ्याचं म्हणणं आधी इंजिन. माझा जीव त्या वासात अडकलाय. नवे पडदे आणि गाद्यांचे अभ्रे शिवायलाही टाकलेत. वेळ थोडा आहे, सगळं एकदम होणार नाही. तुम्ही असता तर काय आधी केलं असतं?

जुनीगाडी:

ताई, तुमचा जीव अगदी योग्य जागी अडकलाय. पडदे-अभ्रे बाजूला ठेवा आणि आधी तो कोपरा बघा. इंजिन बिघडलं तर कुठलाही चांगला मेकॅनिक दुरुस्त करेल, पार्ट मिळतील. भिंतीत पाणी मुरलं तर गाडीचं घर आतून कुजत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. या गाड्यांच्या भिंती म्हणजे बाहेर पातळ पत्रा किंवा फायबर, आत प्लायवूड आणि मधे लाकडी पट्ट्या व फोम. पाणी एकदा आत गेलं की त्याला वाळायला वाटच नसते.

लाकडातली ओल मोजायचा छोटा मीटर मिळतो, तो आणा. आतून सगळीकडे फिरवा: छताच्या कडा, प्रत्येक खिडकीचे खालचे कोपरे, छतावरच्या झरोक्यांभोवती, मागच्या दिव्यांच्या मागे, कपाटांच्या आत, पलंगाखाली. ढोबळ हिशोब असा: 15 टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. 15 ते 20 म्हणजे लक्ष ठेवा. 20 च्या वर पाणी कुठून तरी येतंय. 30 च्या आसपास गेलं तर लाकूड मऊ झालेलं असण्याची तयारी ठेवा. मीटरबरोबर अंगठाही वापरा. भिंत दाबल्यावर आत गेली किंवा करकरली तर तो कोपरा उघडावाच लागेल.

आता खरी मेहनत. पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. छताच्या पुढच्या सांध्यातून शिरून पट्टीच्या कडेने वाहत ते मागच्या कोपऱ्यात उतरू शकतं. म्हणून शोध घ्यायची पद्धत अशी: एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साधा पाइप धरायचा. सुरुवात खालून करायची. आधी फक्त खालच्या सांध्यावर पाणी सोडा, बराच वेळ थांबा, मग खिडकीच्या खालच्या कडेवर, मग वरच्या, मग कोपऱ्याच्या पट्टीवर, शेवटी छतावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. जोराच्या फवाऱ्याचं मशीन मात्र वापरू नका, ते चांगला सांधासुद्धा उघडतं.

जागा सापडली की तिथली पट्टी किंवा चौकट पूर्ण काढा. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, जागा स्वच्छ आणि कोरडी करा, ब्यूटाइलची (चिकट, मऊ रबरासारखी) पट्टी लावून चौकट परत बसवा. स्क्रू एकदम आवळू नका. ब्यूटाइल हळूहळू दबून बाहेर येतं, दोन-तीन दिवसांनी परत आवळा, मग बाहेर आलेलं कापून टाका. घरगुती सिलिकॉन वरून फासायचा मोह होईल, पण त्याखालचा सांधा गळतच राहतो आणि सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. गळणाऱ्या भिंतीवर आतून नवा प्लाय ठोकणं त्याहून वाईट, कारण मग ओल झाकली जाते आणि वाढत राहते.

छतावर चढायचं असेल तर आडवी फळी टाकून तिच्यावर वजन द्या.

दहाबाराचापाना:

आयुष्य गाड्यांखाली गेलं, म्हणून खालचं सांगतो.

नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूवर DOT (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नाही, वयाने जातात. पूर्ण भार घेऊन एका जागी उभं राहायचं, बाजूला ऊन, रबर आतून सुकतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी कुणाकडून तरी तपासून घ्यावेत, दहाच्या पुढे कितीही गोंडस दिसले तरी नकोत. स्टेपनीही त्यात धरा. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरकडे कुणी बघतच नाही, तो आधी बघा. नवे बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने, ठरलेल्या जोराने परत आवळायचे.

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेलं तेल लांब उतारावर तापलं की उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. कधी बदललं याची नोंद नसेल तर बदलायचंच. उभ्या गाडीत कॅलिपर (चाकावर ब्रेक दाबणारा भाग) आणि हँडब्रेकही अडकून बसतात. थोडं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या (हात लावू नका). एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. इंजिनात टायमिंग बेल्ट (आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) असेल तर त्याचे किलोमीटरबरोबर वर्षंही मोजतात. किलोमीटर कमी आहेत म्हणून बेल्ट तरुण होत नाही.

शेवटचं, वजन. गाडीच्या प्लेटवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. पाचही जणांना बसवून, पाणी, गॅस, सामान भरून काट्यावर न्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो. जड सामान मागच्या चाकांच्या मागे ठेवलंत तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. टायरची हवा त्या खऱ्या वजनावरून, टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरायची.

खिडकीतली:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. तपासून आलेय.

टायरवर आकडे 3512! चारही तेच, स्टेपनी त्याहून जुनी. नवे टायर आणि ब्रेकचं तेल दोन्ही सांगून आलो. मीटरवर जवळजवळ सगळीकडे 12 ते 14, पण मागच्या उजव्या कोपऱ्यात 28. पाइप धरून बघितलं तर पाणी कोपऱ्याच्या पट्टीतून नाही, मागच्या वरच्या छोट्या दिव्याच्या स्क्रूंमधून शिरतंय. काट्यावर सगळे बसल्यावर वजनाच्या मर्यादेला थोडंच अंतर उरलं, तेही टाकी अर्धी असताना. त्यामुळे प्रवासात टाकी पूर्ण भरायची नाही, पोचल्यावर भरायची असं ठरवलं.

आता गॅस, फ्रिज आणि पंप. गॅसची मला भीती वाटते. शेगडी मात्र नीट पेटते, ज्योत निळी आहे.

जुनीगाडी:

दिव्याचे स्क्रू! फार चांगलं झालं. कोपऱ्याच्या अख्ख्या पट्टीपेक्षा ते काम कितीतरी सोपं आहे.

गॅसची भीती राहू द्या, ती कामाची आहे. नळ्या, सांधे, बर्नर यांचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या आणि पूर्ण लाइनची प्रेशर टेस्ट मागा. तुम्ही स्वतः बघायचं ते एवढंच: रबरी नळीवरची तारीख, तिला चिरा पडल्यात का, आणि सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला असलेली भोकं मोकळी आहेत का. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर जावा अशी ती रचना आहे. उंदीर शिरतील म्हणून लोक ती बुजवतात. तुमच्याकडे बुजवली असतील तर आजच उघडा, हवं तर जाळी लावा. सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

विजेवर फ्रिज गार होतो यावरून त्याचं शीतकरण शाबूत आहे. शेगडी नीट पेटते म्हणजे गॅसही पोचतोय. उरतो तो फ्रिजचा स्वतःचा बर्नर. उभ्या गाडीत त्याच्या नळीत कोळी जाळी करतात, जेटमध्ये घाण बसते, धुराड्यात काजळी आणि गंज साचतो. गॅसवाला येईल तेव्हा हे साफ करून घ्या, बहुतेक तेवढ्यात चालू होईल.

हा घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रिज नाही. यात अमोनिया आणि पाणी उष्णतेवर फिरतात, पंप नसतो, सगळं गुरुत्वावर चालतं. म्हणून गाडी सपाट उभी नसेल तर तो गार होत नाही आणि तसाच बराच वेळ चालवला तर खराब होतो. गार व्हायला कित्येक तास लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी विजेवर लावा आणि आधीच गार केलेल्या वस्तू आत ठेवा. 12 व्होल्टवर तो आहे तो गारवा टिकवतो, तेही इंजिन चालू असताना. इंजिन बंद करून 12 व्होल्टवर ठेवला तर बॅटरी काही तासांत बसेल. बॅटरीवरून आठवलं, ती चार्ज करून काही तास नुसती ठेवा आणि मग व्होल्ट मोजा. साध्या लेड बॅटरीला 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. भरून ठेवूनही दुसऱ्या दिवशी 12.4 च्या खाली उतरत असेल तर तिचा भरवसा धरू नका.

पंप नळ बंद असताना चालतो याचा अर्थ लाइनमधला दाब कुठेतरी कमी होतोय. एक तर बारीक गळती आहे, नाही तर पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिशू पेपर ठेवून रात्रभर पंप चालू ठेवा. ओला झालेला कागद जागा दाखवेल. सगळे कोरडे राहिले तर व्हॉल्व्ह. गीझरच्या खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह आधी बघा, थंडीत पाणी गोठून तोच फुटतो. टाकी, नळ्या सगळं एकदा निर्जंतुक करा: साधारण 5 टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच, एक लिटर पाण्याला एक मिलिलिटर, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडा, किमान चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. पाण्याचा फिल्टर असेल तर त्याआधी काढा.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या त्या वायूला वास नसतो आणि बंद जागेत झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. निळी ज्योत चांगलीच, पण अलार्मशिवाय मुलांना त्या गाडीत एक रात्रही झोपवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. धुराचा अलार्म वेगळा, गॅसगळतीचा वेगळा. गॅसचा जमिनीलगत लावतात, धुराचा छतापाशी.

दोनपोरांचाबाप:

माझ्याकडून मुलांपुरतं. गाडीत झोपायच्या जागा सहा असल्या तरी पट्टे (सीटबेल्ट) किती आहेत ते मोजा. प्रवासात माणसं तेवढीच बसू शकतात. टेबलाजवळच्या आडव्या बाकावर, पलंगावर किंवा माळ्यावर चालत्या गाडीत कुणीही नको. पट्टे नंतर बसवलेले असतील तर ते लाकडी बाकाला अडकवलेत की गाडीच्या सांगाड्याला, हे खालून बघा. लाकडाला असतील तर धक्क्यात बाकासकट उपटून येतील. माळ्याला जाळी लागते, पाच वर्षांच्या मुलाला तर लागतेच. आमचा मोठा झोपेत लोळत कडेपर्यंत येतो, जाळीमुळेच आम्ही निवांत झोपतो.

सहलीच्या आधी एक रात्र दाराशी उभ्या गाडीतच काढा, सासूबाईंसकट. घरात जायचं नाही, स्वयंपाक, आंघोळ, संडास सगळं गाडीतच. काय गळतं, कुठला दिवा लागत नाही, रात्री उठल्यावर त्यांना पायरी सापडते का, हे त्या रात्रीत कळतं. गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजून ड्रायव्हरसमोर चिकटवा. रस्त्यावर कमान समोर आल्यावर आकडा आठवत नाही.

खिडकीतली:

पट्टे पाच आहेत, सगळे सांगाड्याला. काल दिवा काढून आतला प्लाय कापला. लाकडी पट्टी हातभर काळी आणि मऊ निघाली, पुढे टणक आहे. गळती बाहेरून ब्यूटाइलने बंद केलीय. सुट्ट्या जवळ आल्यात, आतून घाईने बंद करू का?

जुनीगाडी:

नको. मऊ भाग टणक लाकूड लागेपर्यंत काढा आणि तसाच उघडा ठेवा. हवा खेळू द्या, पंखा लावा, ओल शोषणारं यंत्र मिळालं तर उत्तम. मीटर 15 च्या खाली उतरून तिथेच टिकला की नवी पट्टी चिकटवा, मग प्लाय. याला आठवडे लागतात. हातभर पट्टी गेल्याने एवढ्यात गाडी कमकुवत होत नाही, फक्त त्या कोपऱ्यावर पलंगाचा किंवा वरच्या कपाटाचा भार नाही ना, हे बघून घ्या. नसेल तर भिंत आतून उघडी ठेवूनच सहलीला जा. मुलांचा हात लागू नये म्हणून सुती कापड टाचून घ्या, प्लॅस्टिक नको. परत आलात की मीटर लावा आणि आकडा इथे लिहा.