तोंडी तलाक आणि अल-अझहर : शेवटचा शब्द कुणाचा?

आडवाट
जानेवारी २०१७मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अल-सिसी यांनी जाहीर भाषणात असे सुचवले की, नवऱ्याने नुसता तोंडाने उच्चारलेला तलाक कायद्याने मानू नये. मअझूनसमोर, म्हणजे निकाह-तलाकाची नोंद करणाऱ्या सरकारमान्य अधिकाऱ्यासमोर दिलेलाच तलाक ग्राह्य धरावा. कैरोतील अल-अझहर या सुन्नी इस्लामच्या प्रमुख धर्मपीठाचे शेख, म्हणजे प्रमुख, अहमद अल-तय्यब समोरच बसले होते. ‘तुम्ही मला दमवलंत’ अशी कोपरखळीही त्यांना मारली गेली. ५ फेब्रुवारीला अझहरच्या ज्येष्ठ उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मंडळाने एकमताने उत्तर दिले की, अटी पूर्ण करणारा तोंडी तलाक पैगंबरांच्या काळापासून वैध आहे आणि केवळ नोंद नाही म्हणून तो निष्फळ ठरत नाही.

हा निर्णय मला पटत नाही, पण तो देण्याचा मंडळाचा अधिकार मात्र मी मानतो. १९६१मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी कायदा करून अझहर सरकारच्या मुठीत घेतले आणि शेख राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने नेमले जाऊ लागले. २०१२मध्ये ती निवड पुन्हा उलेमांकडे आली, २०१४च्या राज्यघटनेने शेखांना पदच्युत करण्यास मनाई केली. जो सत्ताधीश आज चांगल्या हेतूने मसला, म्हणजे धर्मनियम, बदलून मागतो, तोच उद्या विरोधकाविरुद्ध फतवा मागेल.

नीरक्षीर
उलेमांची स्वायत्तता आपण फारच सोज्वळ रंगवली आहे. खिलाफत हा इस्लामचा अनिवार्य भाग नाही, असे अली अब्देल राझिक या अझहरच्याच आलिमाने (धर्मपंडिताने) पुस्तकात मांडले, तेव्हा १९२५मध्ये याच नावाच्या मंडळाने त्यांना उलेमांतून काढून टाकले, आणि तेही इजिप्तचे राजे फुआद यांना खलिफापदाची आस लागलेली असताना. तेव्हा दरबाराला ‘नाही’ म्हणायचे कुणाला सुचले नव्हते.

शिवाय ज्या बाईवर हे सारे बेतते, ती या वादात आहे कुठे? नवरा भांडणात ‘तलाक’ म्हणून निघून जातो आणि नोंद करत नाही. धर्माच्या लेखी ती मोकळी, सरकारदफ्तरी मात्र त्याची बायको. दुसरा निकाह करता येत नाही, पोटगी मागायला कागद नाही, आणि नवरा वारला तर वारशावरून दीर कोर्टात उभे.

आडवाट
त्या बाईसाठी मंडळाने वाट ठेवली आहे. नवऱ्याने तलाक विनाविलंब नोंदवावा आणि टाळाटाळ करणाऱ्याला शासनाने जरब बसेल अशी शिक्षा करावी, असे त्याच निवेदनात म्हटले आहे.

नीरक्षीर
ही वाट १९८५पासून कायद्यात आहे! तीस दिवसांत नोंद केली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे पौंडांपर्यंत दंड. शिक्षेने प्रश्न सुटला असता, तर २०१७मध्ये हा विषय निघालाच नसता.

चौकस
दोघांनाही एक विचारावेसे वाटते. एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरावेत, असा कायदा इजिप्तने १९२९मध्येच केला. तो चारही सुन्नी मजहबांच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरांच्या, रूढ मताविरुद्ध होता, पण मध्ययुगीन धर्मपंडित इब्न तैमिया यांच्या मताचा आधार त्याला मिळाला. तसाच आधार याही वेळी हाताशी होता. कुराणाच्या ‘तलाक’ या सूरेत (अध्यायात) दोन न्यायी साक्षीदार ठेवण्याची आज्ञा आहे. बहुसंख्य सुन्नी फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) तिला केवळ इष्ट मानतात, शियांच्या जाफरी फिकहमध्ये (धर्मकायद्यात) मात्र साक्षीदारांवाचून तलाक होतच नाही. जाफरी मजहबानुसार आचरण करणे मान्य असल्याचा फतवा १९५९मध्ये दिला, तो अझहरचेच शेख महमूद शलतूत यांनी. मग मंडळाने ही सोय वापरली का नाही? माझ्या मते वाद मुळात तलाकाचा नव्हताच. ज्याने विचारले, त्याचे ऐकायचे नव्हते.

रानवारा
तुलनेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०१७चा निकाल घ्या. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एका दमात दिलेला तिहेरी तलाक, रद्द झाला खरा, परंतु बहुमतातल्या एका न्यायमूर्तींचा आधार घटनेपेक्षा कुराणाचाच होता. शरियतचा अर्थ न्यायाधीशाने लावलेला चालतो, तर राष्ट्राध्यक्षाचा का चालू नये?

आडवाट
कारण न्यायाधीशाने मांडलेली कारणमीमांसा वाचून खोडता येते, उरलेल्या दोघांनी तिथेच भिन्नमत लिहिले आहे. अल-सिसींच्या भाषणावर भिन्नमत लिहिण्याची जागा कैरोमध्ये फारशी उरलेली नाही. चौकस यांचा शलतूत यांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि तो अझहरच्या आतल्याच कुणी तरी मंडळापुढे ठेवायला हवा होता.