नवीन बसचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

एम्बेडेड_अनघा:
नमस्कार मंडळी. अंधेरीला सीप्झमध्ये एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही कारखान्यांसाठी सेन्सर बोर्ड बनवतो आणि ते एकमेकांना जोडायला आमचीच एक सिरियल बस आहे, कंट्रोलर एफपीजीएमध्ये, म्हणजे हवी तशी घडवता येणाऱ्या चिपमध्ये. ड्रायव्हर (ही बस चालवणारा कोड) आत्तापर्यंत कर्नलच्या बाहेरच ठेवला होता, कर्नल ५.१० वर छान चालायचा, ६.६ वर नेला तर बिल्डच होईना, कारण बस टाइपमधला रिमूव्ह कॉलबॅक (डिव्हाइस काढताना चालणारं फंक्शन) ५.१५ पासून व्हॉइड झालाय, म्हणजे काही परत देत नाही. दर वेळी असं काहीतरी निघतंच, म्हणून मेनलाइनमध्येच, म्हणजे मूळ कर्नलमध्येच, द्यायचं ठरलंय. मॅनेजर म्हणतायत सगळं एकाच पॅचमध्ये (बदलांच्या एका फाइलमध्ये) पाठव. चालेल का? की आधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागात, टाकायचं?

मुलुंडकर:
एकच भलामोठा पॅच अजिबात नको, कोणी वाचणार नाही. आणि त्याच्या आधी पहिला प्रश्न येईल की नवीन बस हवीच कशाला. खाली साधा यूआर्ट (सिरियल पोर्टचं हार्डवेअर) असेल तर त्याला जोडलेल्या डिव्हाइससाठी कर्नलमध्येच सर्डेव्ह आहे, २०१७ पासून, ४.११ मध्ये आलं, त्यात भागत असेल तर तुमचं निम्मं काम वाचलं. पण बोर्ड स्वतःची ओळख सांगत असतील, चालू असताना काढता-घालता येत असतील, पत्ते कंट्रोलर वाटत असेल, तर हे कव्हर लेटरमध्ये, म्हणजे पॅचच्या आधीच्या ओळख करून देणाऱ्या मेलमध्ये, अगदी वरतीच लिहा.

मग बसचा गाभा, कंट्रोलर आणि निदान एका बोर्डाचा ड्रायव्हर, तिन्ही एकाच सिरीजमध्ये पण वेगवेगळे पॅच. वापरणारं कोणी नसेल तर नुसता गाभा घेत नाहीत. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालंच पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याचे, म्हणजे कुठल्या पॅचने बिघडलं ते शोधणाऱ्याचे, हाल होतात.

स्टेजिंगला शॉर्टकट समजू नका. ग्रेबस (अशीच एक बस) ४.९ ला तिथे आलं, त्याचा गाभा बाहेर पडला थेट ५.४ ला. आय३सी या दुसऱ्या बसचा पहिला आरएफसी (मतं मागवणारा कच्चा पॅच) २०१७ चा, मेनलाइनमध्ये आलं ५.० मध्ये, जे २०१९ ला निघालं. मॅनेजरना हे आत्ताच दाखवा म्हणजे पुढच्या महिन्याची तारीख देणार नाहीत.

सोल्डर_दादर:
वरचं सगळं बरोबर. माझं सांगणं मेलबद्दल, कारण चांगला कोड इथेच अडकतो. ऑफिसच्या मेलखाली "हा मजकूर गोपनीय आहे" अशी शेपटी आपोआप लागत असेल तर तो पॅच घेताच येत नाही, त्यामुळे आयटीवाल्यांशी आधीच बोला नाहीतर दुसरा पत्ता वापरा. साधा टेक्स्ट, गिट सेंड-ईमेलनेच, नाहीतर टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. साइन्ड-ऑफ-बाय म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं तुम्ही लिहून देताय, तेव्हा कंपनीची परवानगी हवीच. डिव्हाइस ट्रीचं (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते सांगणाऱ्या वर्णनाचं) बाइंडिंग, म्हणजे त्याचे नियम, यॅमल फाइलमध्ये, वेगळा पॅच, ड्रायव्हरच्या आधी.

आणि ताई, एक जागा नक्की तपासा. डिव्हाइस रजिस्टर फेल झालं तर थेट केफ्री करायचं नाही (मेमरी लगेच सोडायची नाही), पुट डिव्हाइस करायचं (फक्त आपला हक्क सोडायचा), मेमरी रिलीज कॉलबॅकमध्येच, म्हणजे शेवटचा वापरणारा गेल्यावर, सुटली पाहिजे. बसच्या कोडमध्ये रिव्ह्यू करणारे आधी हेच बघतात.

एम्बेडेड_अनघा:
बोर्ड हॉटप्लग होतात आणि ओळखही सांगतात, म्हणजे बस वेगळीच धरते. केफ्रीचं आत्ताच बघते. पाठवल्यावर कोणीच उत्तर दिलं नाही तर?

मुलुंडकर:
निदान आठवडाभर थांबा, मग त्याच थ्रेडवर नम्रपणे आठवण करा. मर्ज विंडो (नवा कोड मेनलाइनमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर ते दोन आठवडे जाऊ द्या, तेव्हा मेंटेनरना (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्यांना) नवीन काही बघायला सवड नसते, आरसी१ (त्यानंतरची पहिली चाचणी आवृत्ती) आला की पॅच त्यावर रिबेस करून, म्हणजे त्यावर बसवून, पाठवा. कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल. कमेंट आल्या की प्रत्येकीला तिच्या खालीच उत्तर द्या, पटली नसेल तर का ते लिहा, पण गाळू नका. व्ही२ मध्ये, म्हणजे सुधारून पाठवलेल्या दुसऱ्या सिरीजमध्ये, काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या खाली लिहा.